चंद्रावरचा आवाज आणखी कुणी ऐकला होता?

नववीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. कवितेत चाँद आला की माझा तास थोडा लांबतो, तसा तो त्या दिवशीही लांबला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, चाँद पे कोई गयाच नै बोलते. सब स्टुडियो में शूटिंग की है बोलते." वर्ग हसला. मी शिक्षकी रीतीप्रमाणे उत्तर दिले : अंतराळवीरांनी दगड आणले, तिथे आरसे ठेवले, फोटो काढले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "वो भी तो वोइच लोग बोलते ना, सर."

घंटा झाली, पण वाक्य माझ्यासोबत घरी आले. मुलगा मोबाईलवर काहीबाही पाहतो हे खरे. तरी त्याचा मुद्दा टाकाऊ नव्हता. दावा करणारा आणि पुरावा देणारा एकच असेल तर ऐकणाऱ्याने काय करावे? मी पदवीला इतिहास शिकलो नाही, पण इतिहासाचा पहिला प्रश्न हाच असतो एवढे मला कळते. मग मी शोधत बसलो : ज्यांचा सरकारशी संबंध नाही, ज्यांना कुणी बोलावले नाही, अशा माणसांनी अंतराळातून आलेले काही स्वतःच्या कानाने ऐकले होते का?

ऐकले होते, आणि बऱ्याच जणांनी.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचे शहर आहे. मुहम्मद अलींचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक असलेले. तिथल्या एका रेडिओ केंद्रात लॅरी बेसिंगर नावाचे तंत्रज्ञ काम करत. हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला 'हॅम' म्हणतात त्याचा, त्यांना नाद होता. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा सगळे जग नासाने ह्यूस्टनहून पुढे पाठवलेला आवाज ऐकत होते. बेसिंगर यांनी तो मधला टप्पा गाळायचे ठरवले. अंतराळवीरांच्या पाठीवरच्या पिशवीतला छोटा रेडिओ २५९.७ मेगाहर्ट्झवर चांद्रयानाशी बोलत असे आणि यान ते बोलणे वेगळ्या, ताकदवान यंत्रणेने पृथ्वीकडे पाठवत असे. बेसिंगर यांना तो पिशवीतला कमजोर आवाजच थेट पकडायचा होता. त्यांनी लष्कराच्या जुन्या सामानातला एक रिसीव्हर दुरुस्त करून बदलून घेतला, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वापरून साधारण आठ बाय बारा फुटांची अँटेना बांधली. ती चंद्राकडे रोखून धरावी लागे. चंद्र सरकला की तीही सरकवायची.

सुमारे ३५ मिनिटे त्यांना आवाज मिळाला. चंद्रावरची दोन माणसे एकमेकांशी आणि यानाशी बोलत होती. ह्यूस्टनचा आवाज त्यात नव्हता, कारण तो त्या मार्गाने येतच नव्हता. टीव्हीवर तीच वाक्ये काही सेकंद उशिरा ऐकू येत होती. स्थानिक 'कुरिअर-जर्नल' या वृत्तपत्रात ही बातमी आली आणि मग पुढची कित्येक वर्षे कुणाला तिची आठवण राहिली नाही. बेसिंगर यांना काही सिद्ध करायचे नव्हते. त्यांना आपली अँटेना चालते का ते पाहायचे होते. म्हणूनच मला ही साक्ष मोलाची वाटते.

ही परंपरा मात्र बारा वर्षे जुनी होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला तेव्हा ८३.६ किलोच्या त्या गोळ्यात एक वॅटचा रेडिओ होता आणि तो २०.००५ व ४०.००२ मेगाहर्ट्झवर बीप-बीप करत होता. पहिली लहर मुद्दाम अशी निवडली होती की साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवरही ती सापडावी. सोव्हिएत हौशी मंडळींच्या 'रादिओ' या मासिकात त्याची माहिती आधीच छापूनही आली होती. बाहेरच्या जगाने ती फारशी मनावर घेतली नाही एवढेच. हे मला फार विलक्षण वाटते. ज्या राज्यात नकाशे गुप्त, रॉकेट बनवणाऱ्या मुख्य अभियंत्याचे नाव गुप्त, त्या राज्याने या एका बाबतीत जगातल्या कुठल्याही माणसाला सांगितले : तूच ऐक आणि ठरव. जर्मनीतल्या बोखुम गावात हाइन्त्स कामिन्स्की यांनी तो ऐकला, आणि जगभर असंख्य हौशींनी ऐकला. तीन आठवड्यांनी बॅटरी संपली आणि आवाज थांबला, हेही सर्वांनी आपापल्या घरी बसूनच नोंदवले.

आता माझ्या जातभाईंची, म्हणजे शिक्षकांची गोष्ट. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये केटरिंग ग्रामर स्कूल नावाची शाळा होती. जेफ्री पेरी तिथे भौतिकशास्त्र शिकवत. त्यांचे सहकारी डेरेक स्लेटर रसायनशास्त्राचे शिक्षक आणि हौशी रेडिओवाले. १९६० मध्ये स्लेटर यांच्या रेडिओवर एका सोव्हिएत यानाचा सिग्नल आला आणि पेरींना वाटले, डॉप्लर परिणाम शिकवायला याहून चांगले साधन कुठले? डॉप्लर परिणाम आपण रोज ऐकतो. स्टेशनवर न थांबणारी एक्स्प्रेस जवळ येताना शिटी चढी वाटते, पुढे गेली की एकदम उतरते. उपग्रहाच्या रेडिओलहरीचेही तसेच होते. ती किती आणि किती झपाट्याने उतरली हे घड्याळ लावून नोंदवले की उपग्रह जवळून गेला की लांबून, कधी गेला, हे काढता येते. रोज नोंदवत राहिले की त्याची कक्षा हाती येते.

पेरी आणि त्यांची मुले रोज नोंदवत राहिली. सोव्हिएत 'कॉसमॉस' मालिकेतले अनेक उपग्रह हेरगिरीचे होते; त्यांच्या कामाबद्दल मॉस्को काही बोलत नसे. १७ मार्च १९६६ रोजी कॉसमॉस-११२ वर गेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ७२ अंशांनी कललेली होती आणि तिचा मेळ बैकोनूरशी, म्हणजे सोव्हिएत संघाच्या जाहीर तळाशी, बसत नव्हता. पेरींनी वाट पाहिली. ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस-१२९ गेला, ६५ अंशांच्या कक्षेत. दोन्ही उपग्रहांचे जमिनीवरचे मार्ग मागे मागे नेत ते नकाशावर काढले तर त्या दोन रेषा उत्तर रशियात अर्खांगेल्स्क भागात एकमेकींना छेदत होत्या. ती जागा प्लेसेत्स्कजवळची. म्हणजे तिथे दुसरा, जगाला न सांगितलेला तळ होता. अमेरिकी हेरखात्याला तो माहीत होता, पण त्यांनीही तो गुप्तच ठेवलेला. जगाला तो सांगितला एका शाळेने. सोव्हिएत सरकारने प्लेसेत्स्कचे अस्तित्व अधिकृतपणे मान्य केले ते १९८३ मध्ये.

मी बी.एड.ला असताना 'कृतियुक्त अध्यापन' या विषयावर किती पाने लिहिली असतील, आणि त्यात केटरिंगचे नाव एकदाही आले नाही.

पण ऐकले म्हणणारा प्रत्येक जण पेरी नसतो. त्याच काळात इटलीत तुरीन शहराजवळ अकिले आणि जोव्हान्नी बत्तिस्ता युदिका-कॉर्दिल्या हे दोन भाऊ स्वतःचे रेडिओ केंद्र चालवत होते. गागारिनच्या आधी आणि नंतरही काही सोव्हिएत अंतराळवीर अवकाशातच मेले आणि ते लपवले गेले, त्यांच्या हृदयाचे ठोके, शेवटचे श्वास, एका बाईचा घाबरा आवाज आम्ही टेप केला, असा त्यांचा दावा होता. ऐकताना अंगावर काटा येतो. आणि संशय हवेतला होता असेही नाही. सोव्हिएत सरकार खोटे बोलत होतेच. व्हॅलेंतिन बोंदारेन्को हा तरुण अंतराळवीर मार्च १९६१ मध्ये जमिनीवरच्या सराव कक्षात आगीत भाजून मेला, ते १९८६ पर्यंत दडवले. गागारिन यानातून बाहेर पडून हवाई छत्रीने उतरला, तेही त्यांनी सुरुवातीला नाकारले. अशा सरकारबद्दल कुणी काही म्हणाले तर लोक विश्वास ठेवणारच.

मग बेसिंगर, पेरी यांचे मानायचे आणि या भावांचे नाही, हे कशावरून?

इथे मला आमच्याकडची एक जुनी पद्धत आठवते. चाँदरातीला, २९ तारखेच्या मगरिबनंतर, चंद्र दिसल्याची शहादत देणारा माणूस हिलाल कमिटीसमोर येतो तेव्हा त्याला उलटसुलट विचारतात : कुठे उभा होतास, किती वाजले होते, कोर कोणत्या बाजूला वळलेली होती, किती उंचीवर होती, सोबत कोण होते. लहानपणी मला वाटे, बिचाऱ्याला चोरासारखे का विचारतात? पुढे हनफी फिकहमधला एक बारकावा कळला. आभाळात ढग असतील तर रमजानच्या चंद्रासाठी एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, ईदच्या चंद्रासाठी दोघांची. पण आभाळ स्वच्छ असेल तर एक-दोघांच्या साक्षीवर भागत नाही. मोठ्या जमावाने पाहिलेला हवा. वरवर हे उलटे वाटते. स्वच्छ आभाळात तर दिसणे सोपे, मग साक्षीदार जास्त का? कारण सोपे आहे. आभाळ मोकळे असताना इतके डोळे वर लागलेले असतील आणि एकट्यालाच दिसले असेल, तर शंका त्याच्या पाहण्यावर जाते.

रेडिओच्या बाबतीत आभाळ नेहमीच स्वच्छ असते. वरून जाणारे यान इटलीत ऐकू येते तसे ते इंग्लंडमध्ये, स्वीडनमध्ये, जर्मनीतही ऐकू यायला हवे. तुरीनच्या त्या टेपना दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाहून दुजोरा मिळाला नाही, आणि सोव्हिएत कागदपत्रे पुढे उघडी झाली तेव्हाही त्यातून त्या मृत्यूंना आधार मिळाला नाही. पेरींचे उलटे. त्यांच्या वहीत तारीख, वेळ, लहर, आणि ती कशी उतरत गेली ते होते. ज्याला पटत नाही त्याने पुढच्या फेरीला स्वतः ऐकावे. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच, किंबहुना आधी, इस्नाद तपासतात : कुणी कुणाकडून ऐकले, कुठे ऐकले. पेरींची वही ही मला तशी इस्नाद वाटते. तुरीनच्या टेपकडे मजकूर जबरदस्त होता, साखळी नव्हती.

चंद्राच्या पुढचे ऐकणे मात्र फार अवघड. जितके दूर तितका सिग्नल पातळ होत जातो, आणि तो अंतराच्या वर्गाने. अंतर दुप्पट तर ताकद चौथाई. अंतर हजारपट तर ताकद दहा लाखांश. व्हॉयेजर-१ चा रेडिओ सुमारे २३ वॅटचा आहे, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटलाही त्याहून जास्त वीज लागते. ३१ मार्च २००६ रोजी जर्मनीतल्या हौशी मंडळींच्या 'अ‍ॅमसॅट-डीएल' या संस्थेने बोखुमच्या वेधशाळेतली २० मीटरची तबकडी वापरून तो पकडला. तीच कामिन्स्की यांची वेधशाळा, जिथे स्पुटनिकची बीप ऐकली गेली होती. यान तेव्हा साधारण १४.७ अब्ज किलोमीटरवर होते.

'पकडला' म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे, कारण इथे बातम्या नेहमी वाढवून लिहितात. फोटो मिळाले नाहीत, माहिती मिळाली नाही. यान एका ठरावीक लहरीवर सतत जी शुद्ध रेघ सोडत असते, ती संगणकाच्या पडद्यावर खरखरीतून वर आली, एवढेच. ती रेघ व्हॉयेजरचीच हे कशावरून? पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, यान दूर जाते. या सगळ्यांमुळे लहर किती सरकायला हवी याचा हिशेब आधी मांडता येतो. रेघ त्या हिशेबाप्रमाणे सरकली, आणि तबकडी बाजूला फिरवल्यावर नाहीशी झाली, की शंका उरत नाही. म्हणजे पुन्हा डॉप्लर, पुन्हा केटरिंगचा तास.

याच बोखुमच्या तबकडीने २०१४ मध्ये जे ऐकले त्याची कथा मला सर्वात जास्त आवडते. १२ ऑगस्ट १९७८ रोजी नासाने आयसी-३ नावाचे यान सोडले. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या तोल साधणाऱ्या बिंदूभोवती फिरणारे ते पहिले यान. पुढे रॉबर्ट फार्कर या कक्षांच्या उस्तादाने त्याला चंद्राजवळून वेढे घालायला लावून धूमकेतूकडे वळवले, आणि ११ सप्टेंबर १९८५ रोजी ते जाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून गेले. धूमकेतूला भेट देणारे पहिले यान हेच. हॅलेच्या गाजावाजात लोक ते विसरले. १९९७ मध्ये नासाने काम थांबवले. रेडिओ बंद करण्याचा हुकूम मात्र दिला नाही. यान सूर्याभोवती फिरत राहिले, बोलत राहिले, ऐकणारे कुणी नव्हते.

२०१४ मध्ये ते पृथ्वीजवळ येणार होते. फार्कर यांनी त्याची वाट तेव्हाच तशी आखली होती. पण नासाने सांगितले, त्याच्याशी बोलायची यंत्रे आम्ही १९९९ मध्ये काढून टाकली, नवी बनवायला पैसे नाहीत. मार्चच्या सुरुवातीला बोखुमच्या हौशींनी तबकडी फिरवली आणि त्यांना ती रेघ दिसली. यान जिवंत होते. मग अमेरिकेत डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांनी लोकांकडून वर्गणी मागितली. सव्वा लाख डॉलर मागितले, सुमारे एक लाख साठ हजार जमले. नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातल्या मॅकडोनाल्ड्सच्या रिकाम्या हॉटेलात त्यांनी बस्तान मांडले. जुने हुकूम कोणत्या भाषेत द्यायचे ते निवृत्त अभियंत्यांकडच्या पिवळ्या पडलेल्या कागदांतून शोधले, आणि जी यंत्रे भंगारात गेली होती त्यांचे काम संगणकातल्या सॉफ्टवेअरकडून करून घेतले. २९ मे रोजी पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीतून हाक दिली. यानाने ओ दिली.

२ जुलैला त्याचे इंजिन थोडे चालले. ८ जुलैला मार्ग बदलायचा होता आणि तेव्हा ते चालले नाही. इंधन ढकलणारा नायट्रोजन वायू उरला नव्हता. १० ऑगस्टला ते चंद्राजवळून निघून गेले आणि सप्टेंबरमध्ये आवाज थांबला. म्हणजे म्हटले तर मोहीम फसली. तरी सरकारी यानाला नागरिकांनी परवानगी काढून हाक मारली आणि त्याने ऐकले, असे त्याआधी कधी घडले नव्हते.

आपल्याकडे वळतो. ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र कुणी विसरले नसेल. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरत होता, आम्ही सगळे टीव्हीसमोर जागे होतो. दोनच्या सुमारास बंगळूरूच्या कक्षातले चेहरे उतरले. के. सिवन यांनी सांगितले की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सर्व ठीक होते, नंतर संपर्क तुटला. त्याच वेळी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावात २५ मीटरची एक जुनी दुर्बीण चंद्राकडे वळलेली होती. १९५६ ची ही दुर्बीण कधीच निवृत्त झालेली. स्वयंसेवकांनी दुरुस्त करून ती चालती ठेवली आहे. चिनी लाँगजियांग-२ या चिमुकल्या उपग्रहाने काढलेला, चंद्राची पाठ आणि मागे पृथ्वी असा तो सुंदर फोटो फेब्रुवारी २०१९ मध्ये याच दुर्बिणीने उतरवून घेतला होता. त्या रात्री ती विक्रमचा सिग्नल थेट ऐकत होती. खगोलशास्त्रज्ञ सेस बासा यांनी त्याचा डॉप्लर आलेख ट्विटरवर टाकला. विक्रमचा वेग कमी होत असताना वळत जाणारी रेषा, आणि मग काही नाही. भारताला जे कळत होते ते त्याच मिनिटांत हजारो किलोमीटरवर स्वतंत्रपणे नोंदले गेले होते. विक्रम जोरात आदळला, असे सरकारने संसदेत लेखी उत्तरात मान्य केले ते नोव्हेंबरमध्ये. त्याचे तुकडे नासाच्या फोटोंत पहिल्यांदा दाखवून दिले चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यम या अभियंत्याने, तेही घरी बसून.

असे ऐकणे आपल्या पुणे जिल्ह्यातही झाले आहे, जरी ते हौशी नव्हते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचा स्कियापरेली मंगळावर उतरत असताना नारायणगावजवळच्या खोडद इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्याचा क्षीण सिग्नल थेट मंगळावरून ऐकला. उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला. युरोपातल्या नियंत्रण कक्षाला काहीतरी बिनसल्याची पहिली खूण मिळाली ती आपल्या जुन्नर तालुक्यातून.

हे सगळे मी त्या मुलाला एका तासात सांगू शकलो नाही. दोन मधल्या सुट्ट्या गेल्या. त्याला केटरिंगची मुले आवडली. हनफी फिकहचा मुद्दा त्याने लगेच ओळखला, कारण त्याचे आजोबा दर वर्षी गच्चीवर चढतात. मग त्याने विचारले, "उस लुइव्हिलवाले की टेप है क्या अब?" बेसिंगर यांच्या टेपचा काही भाग ऐकायला मिळतो. मी मोबाईलवर लावला. खरखर, खरखर, मधेच माणसाचा आवाज, पुन्हा खरखर. पाच-सहा डोकी मोबाईलवर वाकली होती. मुलगा कान लावून पूर्ण ऐकत राहिला आणि शेवटी तोंड वाकडे करून म्हणाला, "सर, स्टुडियो में बनाते तो इत्ता खराब नै बनाते."